दुर्रीवर एकमत

आमच्या पूर्णा गावातल्या घराला रंग द्यायला किती वेळ लागेल, हे ठरवण्यात आमचा एक अख्खा रविवार गेला. रंग द्यायला किती वेळ लागला, ते पुढे येईलच.

त्याचं असं झालं की पुढच्या रविवारी जिंतूरचे पाहुणे घर बघायला येणार होते. घर म्हणजे अर्थात मीच, पण मला बघून झालं होतं आणि मुलीकडचे तरीही यायला तयार होते, म्हणून आता भिंती. याआधी दोन ठिकाणचे पाहुणे आमचं घर बघून 'कळवतो' म्हणून गेले होते आणि त्यांनी अजून कळवलेलं नाही. त्यात मला या वेळी मुलगी मनापासून आवडली होती. सुजाता तिचं नाव. ती परभणीला बँकेत होती आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची, त्यामुळे मी पहिल्या भेटीत माझं वय चुकीचं सांगितलं होतं.

लग्नसराईमुळे एकही पेंटर मोकळा नव्हता. मी म्हटलं, "आपणच रंगवू. आपण एक टीम आहोत."

"टीम म्हंजे कोण कोण?" अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे माझे वडील, रेल्वेतून रिटायर झालेले. दादा नोकरीला बाहेरगावी, म्हणून मोजणीत फक्त वहिनी.

"तुमी, मी, आई, वहिनी."

"म्हंजे आई आन् वहिनी," अण्णा म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

मी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करतो. माझ्या टीमचं कुठलं काम किती मोठं आहे याचा अंदाज काढून घेणं, हाच माझा पगार. त्याची एक छान रीत आहे. कामाचं नाव घ्यायचं, प्रत्येकानं मनाशी अंदाज करायचा आणि सगळ्यांनी एकदम आपापलं पान दाखवायचं. कुणी कुणाचं बघायचं नाही. मी अण्णांचा मेंढीकोट खेळायचा पत्त्यांचा कॅट काढला आणि प्रत्येकाला एक्क्यापासून दश्शीपर्यंत पानं वाटली.

"एक्का म्हंजे चुटकीसरशी होणारं काम. दश्शी म्हंजे जीव जाईल असं."

"म्हंजे दहा दिवस?" वहिनी म्हणाल्या.

"दिवस न्हाई वहिनी, पॉइंट."

"एक पॉइंट म्हंजे किती दिवस?" अण्णा.

"तसं न्हाई अण्णा. दिवस मोजायचेच न्हाईत."

"मग पाहुण्याला काय सांगायचं, पॉइंटाला या म्हणून?"

(हा प्रश्न पुण्यातले साहेबही विचारतात. तेव्हाही मी पुढच्या कामाचं नाव घेतो.)

"बैठकीची खोली," मी जाहीर केलं. "एक, दोन, तीन, दाखवा."

अण्णांनी ताडकन दुर्री दाखवली. त्यांच्या नोकरीत क्वार्टरला रंग लागायचा तेव्हा ते सकाळी ड्युटीवर जात आणि संध्याकाळी येऊन बघत तर रंग झालेला असे. त्यामुळे रंगकाम हे फार हलकं काम आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आईच्या हातात नव्वी अर्धी वर आली होती. तिनं अण्णांच्या पानाकडे बघितलं, नव्वी खाली गेली आणि दुर्री वर आली. वहिनींनी तर पदर नीट करायचं निमित्त करून आईचं पान बघून घेतलं. दुर्री.

मला हे सगळं दिसलं होतं. पण माझी धरून चार माणसं आणि चार दुर्र्या! पुण्यात असं एकमत व्हावं म्हणून मी किती महिने तडफडतोय. मी टाळ्या वाजवल्या. मधली खोलीही दुर्री. स्वयंपाकघरही दुर्री.

सोमवारपासून रोज सकाळी अंगणात हौदाजवळ उभ्याउभ्या बैठक सुरू झाली. काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय, एवढंच प्रत्येकानं सांगायचं.

"काल स्वयंपाक केला," आई म्हणाली. "आज स्वयंपाक करायलेय. अडचण तू हायस."

बैठकीच्या खोलीतलं सामान मधल्या खोलीत गेलं. भिंत खरवडायला घेतली तर आधी पिवळा चुना निघाला, त्याखाली निळा, त्याखाली आणखी एक निळा, आणि त्याखाली हात घातला तर गिलावाच हातात आला. गिलावा कुठल्याच पानात नव्हता. तो भरला, वाळला, त्यावर एक भिंत पिस्ता रंगात पूर्ण झाली. काम तुकड्यातुकड्यानं पूर्ण करून गिऱ्हाईकाला दाखवत जायचं, असा आमच्या धंद्यात नियम आहे. मी अण्णांना बोलावून दाखवली.

अण्णांनी खूप वेळ बघितली. "डब्यावर येगळा दिसत होता."

"तोच हाय अण्णा."

"दवाखान्यासारखा वाटायलाय. बदामी बघ बरं."

(तुकड्यातुकड्यानं दाखवत गेलं की हे होतं. हेही मला पगारी माहीत होतं.)

शनिवारी दुपारी वहिनींनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भावजी, मला तवाच वाटलं होतं की लय मोठं काम हाय. पण अण्णांपुढं मी मोठं पान कसं दाखवू?"

"आई, तुला?"

"माझी नव्वी होती. तूच टाळ्या वाजवल्यास."

रविवार उजाडला तेव्हा बैठकीच्या तीन भिंती बदामी, चौथी पिस्ता, आणि मधली खोली छतापर्यंत सामानानं भरलेली. पण पाहुणे चारला चहाला येणार होते, म्हणजे अजून वेळ होता. सोयरीक जुळवणाऱ्या मामांनीच तसं सांगितलं होतं. मामांचा पाहुण्यांबद्दलचाही एक अंदाज होता, तो मात्र त्यांनी आम्हाला सांगितला नव्हता. जिंतूरहून येणारं माणूस उशीरच करणार, असं धरून त्यांनी तिकडे अकरा वाजता या म्हणून कळवलं होतं. मुलीचे वडील होते रिटायर गुरुजी; मला बघायच्या वेळी ते आले नव्हते. शाळेची घंटा चुकवायची नाही, या जुन्या सवयीनं ते पहिल्याच एसटीनं निघाले.

मी टेबलावर चढून चौथ्या भिंतीला बदामी लावत होतो. फाटका बनियन, डोक्याला टॉवेल, तोंडावर दोन्ही रंग. अण्णा पेढे आणायला गेले होते. आई आणि वहिनी मागे होत्या.

"जयभीम. घरात कोणी आहे का?"

दारात पांढराशुभ्र शर्ट घातलेले गृहस्थ, आणि मागे सुजाता. मी ब्रश भिंतीवर फिरवतच राहिलो.

"पेंटर, आम्ही मुलाचं घर बघायला आलोय," गुरुजी म्हणाले आणि आवाज खाली आणला. "तुम्ही इथं काम करताय तर सांगा. मुलगा कसा आहे?"

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण घशातून आवाज निघाला तो पेंटरचाच. "बरा हाय म्हंत्यात."

"काही व्यसन?"

"चहाचं."

"काम काय करतो नक्की?"

"कोणतं काम किती वेळात होईल ते सांगतो."

"आणि तेवढ्यात होतं?"

मी पिस्ता रंगाच्या भिंतीकडे बघितलं. "हे बघा, अंदाज असतोय."

सुजाता माझ्याकडे बघत होती. सरळ डोळ्यांत. तिनं पहिल्याच वाक्याला ओळखलं होतं, हे मला पुढे कळलं. तिला फक्त मी कुठवर जातो ते बघायचं होतं.

तेवढ्यात मागून आई आली. "प्रशांत, पाहुणे यायच्या आत आंघोळ करतोस का न्हाई?"

गुरुजी एक पाऊल मागे सरले आणि ओल्या बदामी भिंतीला टेकले. त्यांचा शर्ट भिंतीपासून सुटताना जो आवाज झाला, त्यात मला तिसरं 'कळवतो' स्पष्ट ऐकू आलं. नेमके त्याच वेळी अण्णा पेढे घेऊन आले, गुरुजींची पाठ बघितली आणि म्हणाले, "बदामीच चांगला दिसायलाय बघा."

त्यावर गुरुजींनी मान वळवून पाठ बघितली आणि असे हसले की त्यांना बसवायला खुर्ची शोधावी लागली. खुर्च्या सामानाच्या तळाशी होत्या. ते रंगाच्या डब्यावर बसले.

आंघोळ झाल्यावर मला आणि सुजाताला अंगणात बोलायला पाठवलं. हौदावर कॅट पडला होता. तिनं विचारलं, हे काय? मी सगळं खरं सांगितलं, दुर्र्यांसकट. माझं खरं वयसुद्धा सांगून टाकलं.

तिनं पानं पिसली, दोघांना वाटली. "लग्नाच्या तयारीला किती महिने? एकदम दाखवायचं. एक, दोन, तीन."

मी दुर्री काढली होती. तिच्या हातात छक्की दिसली. माझी दुर्री आपोआप खाली गेली आणि छक्की वर आली.

"एकमत," मी म्हणालो.

"मी बघितलं हं," ती म्हणाली आणि हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

आता लग्नाला बरेच दिवस झाले. ऑफिसात मी अजूनही पोरांना बजावतो की एकमेकांची पानं बघू नका, सगळा अंदाज बिघडतो. घरीही पानं दाखवायची रीत चालू आहे, पण अण्णांच्या हाताकडे आता कोणी बघत नाही. अण्णांसकट आम्ही सगळे आधी सुजाताचं पान बघतो, आणि सगळ्यांत आधी मान वळते ती माझी.