उत्तरेच्या उजेडाची वेळ

"पयले टाइम लिहा, मंग बाकीचं सांगा."

रत्नदीप थूल हे वाक्य येता-जाता ऐकवायचा. शेजारीण गाय व्याल्याची बातमी घेऊन आली, तरी त्याचं तेच. सेलूकडच्या आमच्या गावात त्याच्याएवढं कुणी शिकलं नाही, हे आम्ही परगावच्या पाहुण्यालाही सांगतो. काम मात्र त्याचं सांगायला अवघड.

नॉर्वेच्या उत्तर टोकाला हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही. तिथं आभाळात, शंभर किलोमीटरच्या वर, हिरवा उजेड वाऱ्यावर टाकलेल्या लुगड्यासारखा हलतो. सूर्याकडून सुटलेले कण त्या विरळ हवेवर आदळले की तो पेटतो. तेवढ्या उंचावरही वारा असतो. त्या उजेडाचं आणि त्या वाऱ्याचं नातं काय, हे रत्नदीप शोधत होता. पीएचडी झाल्यावर तीन देश झाले. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन वर्षांचा करार. तो संपला की सामान बांधायचं, पुन्हा अर्ज भरायचे. अडतिसाव्या वर्षीच तो खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात टेकायचा.

या डिसेंबरात तो घरी आला तो चांगली बातमी घेऊन. एका हिवाळ्याच्या मोजणीत त्याला दिसलं होतं, की उजेड पेटायच्या पाच तास आधीच वरचा वारा वळतो. असं आधी कुणी म्हटलं नव्हतं. लेख स्वीकारला गेला होता, आणि त्या लेखाच्या जोरावर पहिल्यांदाच कायमची नोकरी मिळणार होती. हे सांगतानाही त्याचा आवाज दमलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी तो शेतात गेला. आई तानाबाई आणि बहीण मेघा कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. त्यानं आईला मोबाइलवर फोटो दाखवला.

"हा पाह्य, त्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा उजेड. पंधरा जानेवारीचा."

"मले मालूम हाये," तानाबाई म्हणाली. "तू फोन केलता ना, आत्ताच आभाळ पेटलं म्हणून. आम्ही बाया या धुऱ्यावरच जेवून राह्यलो होतो."

"जेवून? आई, इथं तवा अंधार पडला असन."

"अंधारात कोण कापूस वेचते रे? ऊन डोक्यावर होतं."

मेघा हसली. "दादा, शिकून शिकून तुले दिवस-रात्रही कळेनाशी झाली!"

रत्नदीप हसला नाही. त्यानं आईचा जुना फोन मागितला, नंतर स्वतःचे जुने कॉल उघडले, आणि तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला. फोन दुपारी पावणेएकचा होता. त्याच्या नोंदीतही उजेडाची वेळ बारा चाळीसच होती; पण ती जगाची वेळ म्हणून लिहिलेली होती, म्हणजे गावात संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. जगभरचे शास्त्रज्ञ जी एकच वेळ लिहितात, ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते.

परदेशात गेल्यापासून त्याच्या कॉम्प्युटरचं घड्याळ गावच्या वेळेवर होतं. आई आता उठली असेल, आता शेतात असेल, हे कळावं म्हणून. उजेड टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांवर वेळ टाकणारा प्रोग्राम त्यानं त्याच कॉम्प्युटरवर चालवला, आणि गावची वेळ जगाची म्हणून चिकटली. वाऱ्याची मोजणी दुसऱ्या यंत्राची, तिची वेळ बरोबर होती. वारा आधी वळत नव्हता, उलट अर्ध्या तासानं मागून वळत होता. उजेडच साडेपाच तास उशिरा लिहिला गेला होता.

त्यानं दोघींना हळूहळू समजावून सांगितलं.

"कोणाले कळन हे?" मेघानं विचारलं.

"बहुतेक कोणालेच नाई."

"मंग काऊन सांगतं? पोरगा चाळिशीले आला तरी अर्ज भरून राह्यला, असं म्हणतीन लोक."

"मेघा, उद्या एखादा पोरगा याच लेखावर तीन वर्षं घालवन."

तानाबाईनं बोंडाला अडकलेला कापूस ओढून घेतला. मग म्हणाली, "माह्यामुळं चुकलं का?"

"नाई आई. घड्याळ ठेवलं ते बरोबर होतं. मीच तपासलं नाई."

तिथंच बसून त्यानं लेख मागे घेत असल्याचं पत्र लेख छापणाऱ्यांना आणि आपल्या संस्थेला लिहिलं. फार लांब नव्हतं ते. पाठवल्यावर दोन ओळी कापूसही वेचला, पण मन लागेना.

चौथ्या दिवशी संस्थेचं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार होते. आणि करार मार्चमध्ये संपेल, कायमची जागा दुसऱ्याला दिली आहे, असंही होतं. तीन महिने उरत होते. तेवढ्यात हिवाळ्याच्या सगळ्या चित्रांवरच्या वेळा दुरुस्त करून ठेवायच्या, असं त्यानं ठरवलं.

"मंग वापस ये," तानाबाई म्हणाली. "काही नाई झालं तरी येजो."

"येतो."

तो निघाला तेव्हा सकाळचं ऊन कापसाच्या पऱ्हाटीवर आलं होतं. बॅग खांद्यावर, मान खाली. पांदणीतून तो सडकेकडे चालत गेला. मेघा पुन्हा वेचायला लागली. तानाबाई ओळीतच उभी राहिली. ओटीतला कापूस एका हातानं धरून, दुसरा हात डोळ्यांवर आडवा धरून, पळसामागं त्याचा निळा स्वेटर दिसेनासा होईपर्यंत.