तडीपार जावई

“सातारा बंद आसंल, पर सांगली तर मोकळी हाय न्हवं?”

पडवीत आल्याचं बेणं निवडता निवडता आत्या आईला विचारत होती. मी आतल्या खोलीत खिडकीशी लॅपटॉप उघडून बसले होते. पाटीत आल्याचा एक गड्डा पडल्याचा आवाज आला, मग दुसरा.

“मी म्हंती, आटपाडीला आणून ठेवा की त्याला. आमचा जिल्हा येगळा. डाळिंबाच्या बागंत खोली हाय, लाईट हाय. कोण इचारतंय तिथं? दोन वर्सं काय, चार वर्सं ऱ्हाऊ द्या.”

“वन्सं, हळू बोला,” आई म्हणाली. “आत आहे ती.”

आत्या माझ्या नवऱ्याबद्दल बोलतेय हे कळायला मला थोडा वेळ लागला. माझा नवरा टांझानियाचा. पुण्यात फार्मसी शिकायला आला होता, तिथे आमची ओळख झाली आणि तिथेच आम्ही रजिस्टर लग्न केलं. त्या दिवशी तो दार-ए-सलाममध्ये, बहिणीच्या घरी होता. सरकारने त्याला परत पाठवून दोन वर्षं भारतात यायला बंदी घातली होती, त्यातलं दीड वर्ष झालं होतं.

आत्याची चूक आमच्या भागातलीच होती. मारामारी, दमदाटी करणाऱ्या पोरांना इथे पोलिस सातारा, सांगली अशा जिल्ह्यांतून वर्ष-दोन वर्षांसाठी तडीपार करतात. पेपरात नावं येतात. असा माणूस शेजारच्या जिल्ह्यात मावशीकडे नाहीतर आत्याकडे जाऊन राहतो आणि मुदत संपली की परत येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. आठवड्यापूर्वी बीटचा हवालदार आमच्याकडे पत्त्याच्या चौकशीला आला होता. पप्पा सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झाले. त्यांनी सरळ “डिपोर्ट” हा शब्द वापरला. हवालदाराने पेन थांबवलं आणि म्हणाला, “म्हंजे तडीपारच की, सुभेदारसाहेब. फकस्त देशातनं.” पप्पा म्हणाले, “तसंच काहीतरी.” कुंपणापलीकडे शेजारच्या काकू धुणं वाळत घालत होत्या. संध्याकाळपर्यंत रहिमतपुरात आमचा जावई तडीपार झाला होता.

तोवर तो बोटीवर होता. म्हणजे आईने लोकांना तसं सांगितलं होतं. बोटीवरचा जावई सहा-सहा महिने दिसला नाही तरी कुणी काही विचारत नाही. त्यासाठी आई साताऱ्याला जाऊन मंगळसूत्र घेऊन आली आणि तिने स्वतःच्या हाताने ते माझ्या गळ्यात घातलं. पुण्यात आमच्या लग्नात ते नव्हतं. हार होते, दोन मित्र होते आणि सही करताना अडलेलं पेन होतं.

चूक आमची दोघांची होती. त्याचा विद्यार्थी व्हिसा संपत आला होता आणि आम्हाला वाटलं, लग्न झालं म्हणजे ते आपोआप सुटलं. दाखला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आम्ही कपाटात ठेवला आणि भाड्याच्या खोलीत निवांत राहिलो. चौकशी केली तेव्हा मुदत उलटून बरेच महिने झाले होते. विमानतळावर तो एका पोलिसाबरोबर काचेच्या दारातून आत गेला. मागे वळून त्याने हात वर केला, तर पोलिसाला वाटलं काही विसरलंय, तोही थांबला. मी त्या दोघांनाही हात केला.

मग मी घरी आले. लग्न झाल्याचं आणि नवरा पाठवून दिल्याचं, दोन्ही एकाच संध्याकाळी सांगितलं. आईने तांदूळ धुवायला घेतले. पप्पा बॅटरी घेऊन उसाला पाणी बघायला गेले. त्या दिवशी पाण्याची पाळी आमची नव्हती.

साताऱ्यातल्या वकिलांनी सांगितलं, “पत्ता बदलू नका. नव्या व्हिसाची चौकशी तुमच्या पत्त्यावर येईल, तेव्हा तुम्ही सापडला पाहिजेत.” एवढं वाक्य मला पुरलं. पुण्यातली नोकरी सोडली, घरून करायचं काम घेतलं. मैत्रिणीच्या लग्नाला गेले नाही, दातदुखी अंगावर काढली. मोटरसायकलचा आवाज आला की खिडकीशी जायचं. मला कुणी कोंडलं नव्हतं. फाटक दिवसभर उघडं असायचं, शेजारच्या शेळ्यासुद्धा त्यातून ये-जा करायच्या. मी मात्र पडवीच्या पायरीपर्यंत जाऊन परत यायचे.

तडीपार शब्द पसरला आणि एक गंमत झाली. बोटीवरच्या जावयाची जी चौकशी कुणी केली नव्हती, ती तडीपार जावयाची सगळ्यांनी केली. किराणा दुकानात पप्पांना कुणीतरी म्हणालं, “काय केल्तं म्हणं पावण्यानं? हाप मर्डर का?” दुसरा म्हणाला, “आवं, अपील टाकू की. आपला माणूस हाय वर.” पप्पांनी आयुष्यभर बूट आरशासारखे चमकवले होते. त्यांनी दुकानात जाणं बंद केलं. सामान आई आणायला लागली.

मी तीन वाक्यांत सगळं नीट सांगू शकले असते. इंग्रजीत ती वाक्यं माझ्याकडे तयार होती. माझी शाळा इंग्रजी, छावणीच्या गावांमधली. ‘माय हजबंड’ म्हणायला मला काही वाटत नाही, ते फॉर्मवरचे शब्द आहेत. मराठीत तेच म्हणायचं तर तोंडात काहीतरी अडतं. घरात पप्पा त्याला “तो मुलगा” म्हणायचे, आई “ते” म्हणायची, आणि मी काहीच म्हणायचे नाही. फोन आला की मोटरीच्या खोलीमागे जाऊन हळू आवाजात बोलायचे.

आत्या त्या दिवशी पडवीतून उठून आत आली. हाताला माती, आल्याचा वास. माझ्या शेजारी खाटेवर बसली.

“फोटू दाव बघू त्याचा.”

दीड वर्षात असं कुणी म्हटलं नव्हतं. मी फोनवर त्याचा फोटो उघडून दिला. तिने तो लांब धरला, जवळ धरला.

“लय उंच हाय की गं. आमच्या दारातनं वाकून याला लागंल.” मग म्हणाली, “काळाय.”

“हो.”

“तुजा आजा बी काळाच हुता. आन् खातो काय ह्यो?”

“चपाती. त्यांच्या भाषेतपण चपातीच म्हणतात.”

“मंग आडलंय कुठं?” आत्या म्हणाली आणि फोन पदराला पुसून परत दिला. “कुणाला मारलं तेवढं सांग. मी दादाला न्हाई सांगत.”

मी हसले. तिला खरं सांगायला हवं होतं. मी “कुणाला नाही” एवढंच म्हणाले. ती “बरं बरं” म्हणाली, पण तिला ते पटलं नव्हतं.

बंदी संपली. अर्ज, पुन्हा अर्ज, पुन्हा तोच हवालदार, आणि शेवटी तीन महिन्यांचा व्हिसा. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी जेवताना पप्पांनी ताटावरून मान न उचलता बेत सांगितला.

“पंधरा दिवस राहू दे त्याला. लोकांना दिसू दे, गुंड नाही म्हणून. मग तो त्याच्या कामाला जाईल. तू इथंच राहा.”

“किती दिवस?” आईने विचारलं.

“ते बघू. त्याला इथनं काढला, तसा उद्या हिला तिथनं काढला तर? का कुणी ठेवूनच घेतली तर? काश्मीरला पोस्टिंग असताना मला ठाऊक होतं, माझ्यामागं पलटण हाय. तिथं हिच्यामागं कोण?”

ते रागाने बोलत नव्हते. मी “बघू” म्हणाले. आमच्या घरात मोठ्यांचं “बघू” म्हणजे नाही आणि लहानांचं “बघू” म्हणजे हो. त्याच आठवड्यात तो फोनवर म्हणाला होता की त्याला औषधांच्या दुकानात काम मिळालंय, बहिणीने वरची खोली रिकामी केलीय, परत जाताना मी बरोबर येईन ना? त्यालाही मी हो म्हणाले होते. दोन्हीकडे हो म्हणून मी शांतपणे भांडी विसळत होते.

तो पुण्याहून एसटीने साताऱ्याला आला. मी आणि पप्पा स्टँडवर होतो. दारातून वाकून उतरला. फार वाळला होता, केस अगदी बारीक केले होते. पप्पांनी हात पुढे केला, “वेलकम.” त्याच क्षणी तो त्यांच्या पाया पडायला वाकला, त्यामुळे पप्पांचा हात नुसताच त्याच्या डोक्याच्या वर राहिला. मग त्यांनी तो डोक्यावर टेकवला. शेंगदाणेवाला, कंडक्टर, कॉलेजच्या मुली, सगळे बघत होते. स्टँडवर मला हात लावू नकोस, असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं. त्याने ते पाळलं. आमच्या मध्ये त्याची बॅग होती.

“जेवलीस?” त्याने विचारलं. त्याला येणाऱ्या चार-पाच मराठी शब्दांतला एक.

मी मान हलवली. दोन वर्षांहून जास्त काळ या घटकेची वाट पाहिली होती आणि मला फक्त त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसत होतं.

परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की घरमालकाने चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं असतं. म्हणून आम्ही स्टँडवरून सरळ पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणीच्या ऑफिसात गेलो. कॉम्प्युटरवर एक बाई होत्या. आम्ही तिघं समोर बसलो आणि त्या फक्त पप्पांशी बोलत होत्या.

“कुणाकडे राहणार?”

“माझ्याकडं. रहिमतपूर.”

“किती दिवस?”

“पंधरा.”

“नातं?”

पप्पांनी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “पाहुणे आहेत,” ते म्हणाले.

बाईंनी दोन बोटांनी एकेक अक्षर टाइप करायला सुरुवात केली. त्याला काहीच समजत नव्हतं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, तिथून काही कळेल म्हणून. आणखी दोन अक्षरं झाली की पुढचा रकाना येणार होता, मग प्रिंट, मग पप्पांची सही.

“मॅडम, पाहुणे नका लिहू,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “माझा नवरा आहे. आणि पंधरा दिवस नाही, व्हिसा असेपर्यंत राहणार.”

बाईंनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा खुर्चीत जरा वळले आणि हळूच म्हणाले, “हे घरी बोलू आपण.”

“घरी मला बोलता येत नाही, पप्पा. इथंच सांगते. तो जाईल तेव्हा मीपण जाणार आहे.”