वरच्या मजल्याची नक्कल

तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून बोलणाऱ्या माणसासमोर मला आजही बसवत नाही. त्याचं श्रेय आमच्या वाचनालयाच्या सचिवांना. फुगलेला गाल सांभाळत, मान वर करून ते बोलायचे आणि अर्थ समोरच्याने लावून घ्यायचा. पण मला जी किळस बसली ती नुसती खर्र्याची नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

अमरावतीला राजापेठेत आमच्या संस्थेची शाखा होती, मी तिथली ग्रंथपाल. मुख्य कार्यालय अकोल्याला. खाली पुस्तकं आणि वर्तमानपत्रं, वरच्या मजल्यावर फक्त महिलांसाठी अभ्यासिका. लांब टेबलं, कुरकुरणारे पंखे, रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या. आजूबाजूला प्रत्येक जिन्यावर ट्यूशनची पाटी लागलेली, त्यात हा एक हॉल तेवढा बायकांच्या हक्काचा उरला होता. नांदगाव पेठेहून, परतवाड्याहून मुली यायच्या आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं उघडून बसायच्या.

त्यांच्यात एका घरची सून होती. सासरे भिक्षुकी करायचे. घरी यजमानांची सारखी ये-जा, आणि हिची दुपार चहा करण्यात जायची. "वाचनालयात जाऊन येते" एवढं म्हटलं की मात्र तिला कोणी अडवत नसे, कारण वर महिलांचीच सोय आणि देखरेखीला बाईमाणूस. तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. एकदा मला म्हणाली, "मॅडम, इथं मला कोणी हाक मारत नाही." त्या दिवसापासून ती काही विचारायला आली की मी हातातलं काम बाजूला ठेवायची.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यांच्या नावाने रोज काहीतरी येत असे. पाहणी पथकं, पॅकेजच्या घोषणा, गाड्यांचे ताफे. शेतात जे चाललं होतं त्यात फरक पडत नव्हता, पण त्याच्या नावाने कोणाकडे कॉम्प्युटर उतरायचे, कोणाकडे जनरेटर. आमच्याकडे कॉम्प्युटर उतरले. त्याच सुमारास पुण्याच्या एका प्रशिक्षणात मी इंटरनेटवरचं एक आभासी जग पाहिलं. पडद्यावर रस्ते, इमारती, आणि आपल्या वतीने हिंडणारी एक बाहुली. परदेशातल्या ग्रंथपालांनी तिथे वाचनालयं थाटली होती. मी अगदी हरखून गेले. परतवाड्याच्या पलीकडची जी मुलगी एसटीने रोज येऊ शकत नाही, तिला तिथूनच आमच्यात बसता येईल, काही अडलं तर विचारता येईल, असं माझ्या मनात होतं.

सचिवांना सांगितलं तर ते कधी नव्हे इतके खूश झाले. अकोल्याला सगळे ग्रंथपाल आणि पदाधिकारी बोलावतो, तुम्ही करून दाखवा, म्हणाले. तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण मी कामाला लागले आणि आमचा वरचा हॉलच पडद्यावर उभा केला. टेबलं तशीच, खिडक्या तशाच, भिंतीवरचं घड्याळसुद्धा. कुठलातरी महाल दाखवण्यापेक्षा आपल्या माणसांना ओळखीची जागा दाखवावी, एवढाच विचार.

वीज जायच्या आत उरकायचं म्हणून कार्यक्रम सकाळीच ठेवला. पडद्यावरच्या सुरुवातीच्या पाटीवर सचिवांनी "संकटग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या सेवेत" असं लिहायला लावलं. मी म्हटलं, "यात शेतकरी कुठे आहेत?"

"राहू द्या ना मॅडम, तुमचं काय जाते?" ते म्हणाले आणि समोशाची बशी माझ्यापुढे सरकवली. शेतात लोक जीव देत होते आणि हा माणूस त्यांच्या नावाची पाटी रंगवून चटणी मागत होता. तो समोसा मी तसाच ठेवला.

ग्रंथपालांनी निदान कामाचे प्रश्न विचारले. परतवाड्याच्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "तिथलं पुस्तक हरवलं तं आमच्याच पगारातून कापतीन काय?" दुसऱ्या बाईंना तिथे चपला कुठे काढायच्या ते हवं होतं. आम्ही सगळे हसलो. मला ते प्रश्न आवडले, कारण ती माणसं मनाने खरोखरच त्या हॉलमध्ये शिरली होती.

मग पदाधिकाऱ्यांच्या बाहुल्या आत आणल्या. इंटरनेट रडतखडत चाललेलं, त्यात उपाध्यक्षांची बाहुली पहिल्या खुर्चीवर जाऊन बसली.

"माह्या जागेवर हे कोन हाये?" अध्यक्ष म्हणाले.

सभागृहात कोणी हसलं नाही, हे लिहितानाही लाज वाटते. खरे उपाध्यक्ष खऱ्या खुर्चीवरून उठले आणि हात जोडून माफी मागू लागले. बाहुली काही केल्या उठेना. ती उठेपर्यंत सगळं अडून राहिलं. साठीच्या पुढची, शिकलेली माणसं, आणि पडद्यावरच्या एका खुर्चीसाठी तोंडं फुगवून बसलेली.

अखेर सगळ्या बाहुल्या टेबलांपाशी बसल्या. सचिव उठून पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हे तं हुबेहूब आपला वरचा हॉल हाये," ते म्हणाले. "मंग तो कायले ठेवाचा?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ठराव वाचून झाला होता. तो टाइप करूनच आणलेला होता. अभ्यासिका आभासी स्वरूपात सुरू राहील, वरचा मजला शैक्षणिक वापरासाठी भाड्याने देण्यात येईल. शैक्षणिक वापर म्हणजे सचिवांच्या पुतण्याचे ट्यूशन क्लास, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "पोरी बसतील कुठं?"

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "इथं. तुमीच तं बसवून दाखवल्या."

टाळ्या वाजल्या. ग्रंथपाल खाली मान घालून बसले होते, त्यांनीही वाजवल्या. सचिवांनी मला शाल पांघरवली, हातात नारळ दिला, आणि देताना त्यांच्या तोंडचा तो सुपारी-तंबाखूचा ओला वास माझ्या अंगावर आला. त्या वासाची किळस आली, आणि त्या टाळ्यांची त्याहून जास्त. मी केलेलं काम इतकं चांगलं उतरलं होतं की मला विरोधाला तोंडच राहिलं नव्हतं. मी भांडले, अर्ज दिले, अध्यक्षांच्या घरी जाऊन आले. सगळीकडे एकच उत्तर, तुमचीच तर कल्पना.

वर्तमानपत्रात बातमी आली: आता घरबसल्या अभ्यासिका. वर बाकं चढवायला सुरुवात झाली त्याच आठवड्यात त्या सुनेचे सासरे वाचनालयात आले. स्वच्छ धोतर, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी सुनेची पुस्तकं आणि वाचक-कार्ड माझ्या टेबलावर नीट ठेवलं.

"बातमी वाचली," ते म्हणाले. "फार चांगलं केलंत. आम्ही घरी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. बैठकीतच ठेवू, म्हणजे येणं-जाणं सांभाळून तिला वाचता येईल."

"तिला एकदा पाठवून द्या," मी म्हटलं. "मला बोलायचंय तिच्याशी."

"आता कशाला? तिची उन्हातान्हातली दगदग वाचली." माणूस मनापासून बोलत होता, त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. त्यांनी पुडा सोडून माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं.

"घ्या हो," ते म्हणाले. "तुमच्यामुळेच तर झालं."