मुलग्यांनाही ही लस?

मुलगा तेरा वर्षांचा झाला तेव्हा आम्ही जर्मनीत, नेकारसुल्मला राहत होतो. नवरा तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. मुलाला तान्हेपणापासून बघणाऱ्या वयस्क डॉक्टरबाईंकडे आम्ही तिघं तपासणीला गेलो. तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एचपीव्हीची लस आता मुलग्यांनाही द्यायला सांगितलंय. देऊ या?"

"ती मुलींची ना?" नवऱ्याने विचारलं. "गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची. याला कशाला?"

"सगळे वडील हेच विचारतात. खरं सांगायचं तर मलाही मुलग्यांच्या आईबापांपुढे हा विषय काढताना अवघडल्यासारखं व्हायचं. पण पुढे घशाचा वगैरे कॅन्सर पुरुषांनाही होतो या विषाणूमुळे. आणि त्यांच्याकडून हा विषाणू दुसऱ्याला जातो."

"जातो म्हणजे कसा?" नवऱ्याला कुठलीही गोष्ट मुळापासून समजून घ्यायची सवय.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आमच्याशी मराठी बोलणारा मुलगाच जर्मनमध्ये म्हणाला, "सेक्समधून, बाबा. शाळेत शिकवलंय आम्हाला."

नवऱ्याचे कान लाल झाले. विचार करून सांगतो, म्हणत तो उठला.

घरी जेवणं झाल्यावर म्हणाला, "अजून पोर आहे गं ते. आत्तापासून ही लस म्हणजे आपणच परवानगी दिल्यासारखं वाटतं."

"धनुर्वाताची दिली होती आपण. गंजके खिळे शोधत हिंडला का तो?"

तो हसला, पण हो म्हणाला नाही. मग उठून मुलाच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं. "तुला काय वाटतं रे?" असं मुलाला विचारताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"वर्गातल्या मुलींनी घेतलीय. मीही घेतो," मुलगा म्हणाला. पुन्हा जर्मनमध्येच.

पुढच्या आठवड्यात सुई टोचल्यावर आमचा हा शूर गडी पांढराफटक पडला. डॉक्टरबाईंनी त्याला आडवं केलं. या वयात होतं असं, म्हणाल्या. नवरा शेजारी बसून त्याचा हात चोळत राहिला. एरवी बापाने खांद्यावर हात ठेवला तरी झटकणारा मुलगा डोळे मिटून पडून होता.

दुसऱ्या डोसच्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. दोघंच गेले. येताना आईस्क्रीम खाऊन आले, आणि माझ्यासाठी काही आणायचं दोघांनाही सुचलं नाही.