विभूते गुरुजींचं दावं

विभूते गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते चार पायांवर होते आणि तोंडात कडब्याचं चिपाड होतं. रेणापूरजवळच्या त्या शाळेत मी मास्तरीण म्हणून रुजू व्हायला गेले होते. "वाईच थांबा बाई," चिपाड काढून ते म्हणाले, "बाजार उठला की माणूस होतो." शाळेचे मुख्याध्यापक हेच, हे कळल्यावर मला आल्या एसटीने परत जावंसं वाटलं.

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. चौथीतल्या गोदाचा सरज्या बैल विकला गेला, तेव्हापासून पोरीची वाचाच बसली. अंगारे-धुपारे करून झाले. गुरुजींचं औषध निराळं. "पोटात अडकलेलं खेळात सुटतंय," म्हणायचे. रोज मधल्या सुट्टीनंतर वर्गात बैलबाजार भरे. पोरं व्यापारी, गुरुजी बैल. पोरं त्यांचे दात बघत, शेपूट म्हणून धोतराचा सोगा पिरगळत. गळ्यातल्या दाव्याचं टोक गोदाच्या हातात. ती गप्प उभी, आणि गुरुजी मुकाट्याने विकले जात.

"लोक हसतात, गुरुजी," मी एकदा म्हटलं.

"हसू द्या की! नंदी व्हायला कसली लाज? म्हादेवाच्या पुढं बसायला मिळतंय."

एकदा बाजार ऐन भरात असताना नव्या जिल्ह्याचे नवे साहेब तपासणीला आले. "मुख्याध्यापक कुठे आहेत?" त्यांनी विचारलं, तर पोरांनी बैलाकडे बोट दाखवलं. बैल काही उठला नाही. दलाल झालेल्या पोराला वाटलं, गिऱ्हाईक आलं. त्याने साहेबांचा हात टॉवेलखाली ओढून बोटं दाबली. बैलबाजारात भाव असाच ठरतो. साहेबांनी घाबरून मान डोलावली. सौदा झाला! पोरांनी त्यांच्या हाती दावं द्यायला घेतलं.

"दावं न्हाई द्यायचं!" गोदा किंचाळली. "बैल इकला तरी दावं घरी ठेवत्यात! माझ्या बानं सरज्याचं दावंबी देऊन टाकलं!" आणि ती हमसून हमसून रडायला लागली. चार पायांवरचे गुरुजीही रडत होते.

साहेबांनी दावं चटकन सोडलं. "राहू दे बाळ," ते म्हणाले, "मी माझं घेऊन येतो."

पुढे गुरुजींची नांदेडला बदली झाली. सगळी शाळा त्यांना पोचवायला एसटीपाशी जमली. एव्हाना गोदाला गप्प बसवणं हेच आमचं काम होऊन बसलं होतं. पोरांनी हट्टाने गुरुजींच्या गळ्यात दावं घातलं होतं. एसटी आल्यावर गुरुजींनी मान खाली केली. गोदाने गाठ सोडून दावं काढून घेतलं आणि पोटाशी धरलं.

गुरुजींना काहीतरी बोलायचं होतं. शब्द फुटेना, म्हणून ते हंबरले.

"जनावर घेत न्हाई गाडीत," कंडक्टर म्हणाला.

"घ्या हो," गोदा म्हणाली, "लई गरीब हाय."