फळ्यावरची शेवटची ओळ

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. हात इतका स्थिर, की बाजूनं ट्रक धडधडत गेला तरी अक्षराची शेपूट हलायची नाही. रविवारी सकाळी मात्र तो ब्रश खाली ठेवायचा आणि गोल्फची काठी उचलायचा. त्यांच्या गोल्फ मंडळात औषधवाला होता, बेकरीवाला होता, पोस्टातला कारकून होता. साहेब म्हणावं असं कुणीच नव्हतं.

मंडळाची वर्षातून एकदा बाद फेरीची स्पर्धा असे. दोघं समोरासमोर, प्रत्येक खड्डा म्हणजे वेगळी कुस्ती. कमी फटक्यांत चेंडू आत घालेल त्याचा तो खड्डा. जास्त खड्डे जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. विजेत्याचं नाव मैदानाशेजारच्या खोलीतल्या लाकडी फळ्यावर सोनेरी रंगात लागे. रंगवायचा अर्थात पेंटर. फळा अर्ध्याहून जास्त भरला होता आणि त्यात त्याचं स्वतःचं नाव एकदाही आलं नव्हतं.

दोष खेळाचा नव्हता, जिभेचा होता. या खेळात समोरच्याचा चेंडू खड्ड्याच्या तोंडाशी आला की 'दिलं' म्हणता येतं. मग तो गेलाच असं धरतात, मारावा लागत नाही. आणि एकदा म्हटलेलं मागे घेता येत नाही. शहाणी माणसं 'दिलं' म्हणायच्या आधी दहादा विचार करतात. पेंटर चेंडू थांबायच्या आधीच म्हणून मोकळा. मंडळात त्याला 'दिलंराव' म्हणत.

"गिऱ्हाइकाला रंगाचा एक हात फुकट, खेळाडूला चेंडू फुकट," बायको म्हणायची. "घरी आणायचं काही शिल्लक ठेवता का?"

शेवटी उपायही तिनंच काढला. पेपरमिंटच्या गोळ्या. खड्डा जवळ आला की एक तोंडात टाकायची आणि दात घट्ट मिटायचे. उपाय लागू पडला. औषधवाला 'दिलं'ची वाट बघत उभा राहिला, मग वैतागून त्यानं चेंडू मारला, तो चुकला. बेकरीवाल्याचंही तेच झालं. पेंटर बघता बघता अंतिम सामन्यात पोचला.

आणि समोर आल्या सासूबाई.

सासूबाईही मंडळातल्याच, धंद्यानं गाडी शिकवायच्या. गाडी मागे घेताना चाक दगडाला नुसतं टेकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. दयेनं पास झालेला त्यांचा एकही विद्यार्थी रस्त्यावर नव्हता. 'दिलं' हा शब्द त्यांच्या तोंडून मंडळात कुणी ऐकला नव्हता.

सामन्याच्या सकाळी त्या चष्मा सावरत फळ्यासमोर उभ्या राहिल्या. शेवटच्या नावाखाली खडूच्या दोन बारीक रेषा आखलेल्या होत्या.

"जावईबापू, माझं नाव चार अक्षरी. या रेषा फारच लांब दिसतात."

पेंटरचे कान लाल झाले. "सवयीनं आखल्या, आई."

"सवयीनं? बरं बरं."

बायकोला कुणीतरी विचारलं, तू कुणाच्या बाजूनं? "चहाच्या," ती म्हणाली आणि किटलीपाशी जाऊन बसली.

सामना असा रंगला की बेकरीवाला घरी जायचं विसरला. एक खड्डा सासूचा, एक जावयाचा. शेवटच्या खड्ड्यापर्यंत बरोबरी. तिथं पेंटरचा चेंडू आधी आत गेला. सासूबाईंचा राहिला वीतभर लांब. तो गेला तर पुन्हा बरोबरी, चुकला तर संपलं, फळा पेंटरचा. त्यानं खिशात हात घातला. पेपरमिंटचा नुसता कागद हाताला लागला.

सासूबाई वाकल्या. गुडघा दुखतो म्हणून त्या हलकेच वाकायच्या, ते पेंटरनं पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं, "दिलं."

किटलीपाशी बायकोनं कपाळावर हात मारला.

आता आणखी एक खड्डा, त्यावरच निकाल. तिथं सासूबाईंचा चेंडू वाळूत रुतला. दोन फटके वाया गेले. पेंटरचा येऊन थांबला खड्ड्यापासून वीतभर, मघाच्याच अंतरावर. हा गेला की जिंकला. तो काठी टेकून उभा राहिला आणि सासूबाईंकडे बघू लागला. सगळं मंडळ सासूबाईंकडे बघू लागलं.

"काय बघताय?" त्या म्हणाल्या.

"काही म्हणताय का, आई?"

"नाही. मारा."

"मघाशी मी तुम्हाला..."

"ते तुमचं तुम्ही. मी दिलं तर ही मंडळी जन्मभर म्हणतील, सासूनं जावयाला फळा आंदण दिला. मारा म्हणते ना."

पेंटरनं काठी सरळ धरली. त्यानं मारला. चेंडू खड्ड्याच्या काठावर गेला, अर्धी गिरकी घेतली, परका पाहुणा उंबऱ्यावर घुटमळावा तसा घुटमळला आणि आत पडला.

सगळ्यात आधी टाळी सासूबाईंची.

दुपारी सगळे खोलीत जमले. पेंटरनं सोनेरी रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढायला घेतलं. ट्रकला न हलणारा हात थरथरायला लागला. नाव पुरं झालं तेव्हा ओळ उजवीकडे चांगलीच उतरली होती, खडूच्या रेषांची पर्वा न करता.

"पुसून पुन्हा काढ," कारकून म्हणाला. "रंग ओला आहे तोवर."

पेंटरनं चिंधी उचलली. मागून सासूबाई पुढे आल्या, चष्मा नाकावर सरकवून त्यांनी ती वाकडी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली आणि जावयाच्या हातातली चिंधी काढून घेतली.

"दिलं," त्या म्हणाल्या.