लिंबावरून ढकललेली गाडी

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत कुणाची फजिती झाली की दुसऱ्या दिवशी ती वॉचमनलाही पाठ असते. माझे किस्से तर नव्या बिऱ्हाडाला आधी ऐकवतात आणि पाण्याची वेळ मग सांगतात. सगळ्याचं मूळ एकच, मी हौसेने घेतलेली चौदा वर्षं जुनी परदेशी लक्झरी गाडी.

*

मी ती घेतली त्याच महिन्यात शेजारच्या दीपकने साधारण तेवढ्याच किमतीत नवी कोरी सेडान घेतली. तो पेढे वाटत होता. मी सगळ्यांसमोर आधी त्याच्या गाडीचं दार लावलं, मग माझ्या गाडीचं.

"आवाज ऐकलास? तुझा पत्र्याचा डबा आहे रे!"

दीपक हसला आणि माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. तो मी खाल्ला, याची आज लाज वाटते.

*

दसऱ्याला पार्किंगमध्ये सगळ्या गाड्यांची एकत्र पूजा असते. चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी त्यावरून न्यायची. दीपकची सेडान गेलीसुद्धा. माझी मात्र झेंडूचा हार घालून ढिम्म उभी. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे तेवढे लागले होते. शेवटी दीपकने चौघांना बोलावून ती लिंबावरून ढकलली. माझी बायको आरतीचं ताट घेऊन लिफ्टकडे निघून गेली.

*

घणसोली गावातल्या म्हात्रे मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि हळूच बंद केलं. पार्ट बाहेरून येईल, दोन महिने तरी जातील, म्हणाला. मी त्याला निदान सीट बघायला सांगितलं, अस्सल लेदर होतं.

"शीट भारी हाय," तो म्हणाला. "बसून वाट बघाला बरी."

*

दुरुस्तीनंतर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फिरवायला नेलं. कोपरखैरण्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली. गुडघे दुखत असताना अण्णा तासभर उन्हात उभे राहिले. मग म्हणाले, "गाडी छान आहे. जरा सावलीत थांबली असती तर झालं असतं."

*

अण्णांना दर गुरुवारी गुडघ्यांच्या व्यायामासाठी वाशीला जावं लागतं. माझी गाडी बंद असली की ते म्हणायचे, "मी जाईन रिक्षाने." मी मान हलवून ऑफिसला निघायचो.

गेल्या आठवड्यात मलाच दीपककडे लिफ्ट मागावी लागली. मागच्या सीटवर एक छोटी उशी होती, आईच्या जुन्या साडीची. अण्णा तिच्याशिवाय कुठेच बसत नाहीत.

"ही इथे कशी?"

दीपकने आरशातून उशीकडे पाहिलं.

"चार महिने झाले. दर गुरुवारी मीच सोडतो काकांना, नि आणतोही. त्यांनी शपथ घातली होती मला. म्हणाले, त्याला सांगू नकोस. त्याच्या गाडीला वाईट वाटेल."